डीआयडीची लक्षणं ओळखताना : कुठे पाहावं, काय टिपावं, कुठे थांबावं

पडद्यावरचं चित्र सगळ्यांच्या ओळखीचं आहे. शांत स्वभावाची व्यक्ती मान झटकते, आवाज बदलतो, नजर बदलते आणि समोर भलतंच कुणीतरी उभं राहतं. डिसोसिएटिव्ह आयडेंटिटी डिसऑर्डर, म्हणजे डीआयडी, ओळखायचा तर हेच शोधायचं, असा समज त्यातून पक्का झाला आहे. प्रत्यक्षात असं उघड दृश्य क्वचितच दिसतं. हा आजार लपण्यावरच उभा असतो. ज्याला तो आहे त्यालाही कित्येक वर्षं पत्ता नसतो, आणि थोडाफार अंदाज आला तरी लोक वेडं ठरवतील या भीतीने तो गप्प राहतो. उपचारांसाठी येऊन पोहोचलेल्या लोकांनाही नेमकं निदान मिळेपर्यंत सरासरी ५ ते १२ वर्षं गेलेली असतात. मधल्या काळात तीन-चार वेगळी निदानं होऊन जातात.

म्हणून 'बदलणारा माणूस' शोधत बसू नका. लक्ष द्यायचं ते दोन गोष्टींकडे: आठवणींत पडलेली भगदाडं आणि मनात आतून होणारी ढवळाढवळ. बाकीची लक्षणं या दोन्हींच्या आसपास येतात. हे वाचून कुणाचं निदान करता येणार नाही, करूही नये. 'हे तज्ज्ञाला दाखवण्याजोगं आहे' इतकं मात्र नीट ठरवता येईल.

आधी चौकट समजून घ्या

अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या २०१३ सालच्या डीएसएम-५ या निदानपुस्तिकेत डीआयडीसाठी पाच अटी आहेत. पहिली अट व्यक्तिमत्त्वाच्या दोन किंवा अधिक वेगळ्या अवस्थांची. 'मी' म्हणून जी सलग जाणीव असते ती तुटते आणि अवस्थेगणिक भावना, वागणं, स्मरण, आकलन, शरीरावरचा ताबा यांत फरक पडतो. हा फरक इतरांना दिसलेला असू शकतो किंवा त्या व्यक्तीने स्वतः सांगितलेला असू शकतो. दुसरी अट आठवणींची: रोजचे प्रसंग, स्वतःविषयीची महत्त्वाची माहिती किंवा आघाताच्या घटना पुन्हा पुन्हा न आठवणं, तेही नेहमीच्या विसराळूपणात बसणार नाही इतकं. तिसरी म्हणजे या सगळ्याचा त्रास होणं किंवा काम, नाती, शिक्षण यांत अडथळा येणं. चौथी, हा अनुभव समाजात सर्वमान्य असलेल्या धार्मिक वा सांस्कृतिक प्रथेचा भाग नसणं. पाचवी, त्यामागे दारू, औषध किंवा फिट्ससारखा शारीरिक आजार नसणं.

जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या आजारांच्या वर्गीकरणातही हा आजार आहे. त्याच्या शेजारीच 'पार्शियल' म्हणजे अंशतः डीआयडी अशी वेगळी नोंद आहे, तिच्याकडे पुढे येऊ. जुनं 'मल्टिपल पर्सनॅलिटी' हे नाव डीएसएमने १९९४ साली सोडलं, बोलण्यात मात्र ते अजून टिकून आहे.

कारणाबद्दल थोडं सांगावं लागेल, कारण त्याशिवाय लक्षणांची संगती लागत नाही. एकसंध 'मी' जन्मतः मिळत नाही. भुकेला मी, घाबरलेला मी, खेळणारा मी या लहानपणीच्या सुट्या अवस्था सुरक्षित सांभाळ मिळाला की हळूहळू एकमेकींत मिसळतात. त्याच वयात वारंवार अत्याचार झाला, आणि तोही ज्याच्यावर विसंबायचं त्याच माणसाकडून झाला, तर मुलापुढे पेच उभा राहतो: या माणसाजवळ राहायचंही आहे आणि त्याने जे केलं ते सोसायचंही आहे. दोन्ही जाणिवा एकत्र पेलत नाहीत, म्हणून त्या वेगळ्या ठेवल्या जातात. अमेरिका, कॅनडा आणि युरोपातल्या सुमारे ९० टक्के रुग्णांच्या इतिहासात बालपणीचा अत्याचार किंवा दुर्लक्ष आढळतं, अशी नोंद डीएसएम-५ मध्ये आहे. लहान वयातल्या वेदनादायक वैद्यकीय उपचारांनंतर किंवा युद्धाच्या अनुभवानंतरही हे घडू शकतं. एक गोष्ट इथेच सांगून टाकतो: या माहितीवरून उलटा निष्कर्ष काढू नका. लक्षणं दिसली म्हणून अमुक माणसाने अमुक केलंच असणार, असं त्यातून सिद्ध होत नाही.

पायरी १ : साधी तंद्री बाजूला काढा

डिसोसिएशन म्हणजे जाणीव, आठवण, भावना आणि शरीर यांची एरवी सहज असणारी सांगड सुटणं. ती थोड्याफार प्रमाणात सगळ्यांचीच सुटते. ओळखीच्या रस्त्याने गाडी चालवताना मधली वळणं आठवत नाहीत, पुस्तकात रमल्यावर मारलेली हाक ऐकू येत नाही, खूप थकल्यावर सगळं स्वप्नासारखं वाटतं. यात काळजीचं काही नाही. लक्ष परत आणता येतं, आणि मधल्या वेळात आपण कोण होतो याबद्दल शंका नसते.

वयाच्या साधारण तिसऱ्या-साडेतिसऱ्या वर्षाआधीचं न आठवणंही स्वाभाविक आहे. "माझं बालपणच आठवत नाही" असं कुणी म्हटलं तर कितव्या वर्षापर्यंतचं, हा पहिला प्रश्न. तीन वर्षांपर्यंतचं असेल तर विषय संपला. सहावी ते नववीची वर्षंच कोरी असतील, शाळा कोणती, घर कोणतं, वर्गात कोण होतं यातलं काहीच येत नसेल, तर पुढे वाचा.

पायरी २ : आठवणींतली भगदाडं

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. अवस्था बदलणं लपवता येतं, हरवलेला वेळ मागे काहीतरी सोडून जातोच.

ही भगदाडं साधारण तीन तऱ्हांची असतात. पहिली तऱ्हा दूरच्या भूतकाळातली: वर्षंच्या वर्षं गायब, किंवा लग्न, बाळंतपण, जवळच्या माणसाचा मृत्यू यांसारखा विसरणं अशक्य वाटावा असा प्रसंग आठवणीत नाही. दुसरी, आजच्या जगण्यातली. दुपारी दोनला कामाला बसलो आणि एकदम पाच वाजलेले. मधे काय केलं कळत नाही, काम मात्र झालेलं आहे. याच गटात अंगवळणी पडलेलं कौशल्य अचानक हरवणंही येतं. रोज गाडी चालवणाऱ्याला काही मिनिटं गाडी सुरू कशी करायची हेच सुचत नाही आणि नंतर ते आपोआप परत येतं. तिसरी तऱ्हा पुराव्यांची: न आठवणाऱ्या खरेदीची पावती, आपणच पाठवलेला पण अनोळखी वाटणारा निरोप, वहीत वेगळ्या वळणाचं हस्ताक्षर, अंगावरची जखम, नाव घेऊन आपुलकीने बोलणारी आणि आपल्याला अजिबात न आठवणारी व्यक्ती. काही जण अनोळखी ठिकाणी भानावर येतात आणि आपण तिथे कसे पोहोचलो ते त्यांना सांगता येत नाही.

विसराळूपणा आणि हे यांतला फरक असा. विसराळू माणसाला आठवण करून दिली की "हो, हो, बरोबर" म्हणून धागा सापडतो. इथे तपशील सांगितला, फोटो दाखवला, तरी तो दुसऱ्याच कुणाच्या आयुष्यातला वाटतो.

अडचण अशी, की वेळ हरवतो हेच पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. विसरल्याचंही विस्मरण होतं. शिवाय लहानपणापासून असंच चालत आलेलं असेल तर सगळ्यांचंच असं होतं, अशी समजूत असते. म्हणून "तुम्ही गोष्टी विसरता का?" या थेट प्रश्नाला "नाही" असंच उत्तर येतं. त्याहून चांगला अंदाज सावरून घेण्याच्या सवयींवरून लागतो. ही माणसं समोरच्याला आधी बोलू देतात आणि त्यातून काय घडलं असावं याचा अंदाज बांधतात, "तू सांग ना, तुला काय वाटलं?" म्हणून प्रश्न परतवतात, प्रत्येक गोष्टीची नोंद ठेवतात, विषय हसण्यावारी नेतात. घरच्यांना हे खोटं बोलणं वाटतं. वर्षानुवर्षं "खोटारडा" हा शिक्का बसलेल्या कित्येकांना आपल्यावर आरोप का होतो आहे हे खरोखरच कळलेलं नसतं.

स्वतःला विचारायचे असतील तर प्रश्न असे ठेवा: मी केलं असं सगळे म्हणतात पण मला आठवत नाही, असं गेल्या महिन्यात काय काय झालं? माझ्या सामानात मी न आणलेल्या वस्तू सापडतात का? माझी आवड, मत किंवा कौशल्य कधी इतकं पालटतं का, की कालचा मी मलाच समजत नाही?

पायरी ३ : आतली ढवळाढवळ

हे लक्षण बाहेरून दिसत नाही. संशोधकांच्या आणि रुग्णांच्या सांगण्यानुसार पूर्ण 'स्विच' होण्यापेक्षा, म्हणजे एक अवस्था जाऊन दुसरीने ताबा घेण्यापेक्षा, हेच कितीतरी जास्त वेळा घडतं. माणूस स्वतः जागेवर असतो, काय चाललं आहे ते त्याला कळत असतं, पण मधेच एखादा विचार, राग, रडू किंवा हालचाल आतून येते आणि ती आपली वाटत नाही. "माझ्या तोंडून शब्द निघत होते, मी फक्त ऐकत होतो." "हात लिहीत होता, मी बघत होते." "एवढा राग आला, पण तो माझा नव्हता." अशी वाक्यं ऐकू आली तर त्यांना अलंकार समजू नका. उलटही होतं: ओठांवर आलेला विचार कुणीतरी काढून घेतल्यासारखा नाहीसा होतो.

आवाज हा यातलाच भाग. अनेकांना मनात आवाज ऐकू येतात: टोचून बोलणारा, हुकूम सोडणारा, समजूत घालणारा, रडणाऱ्या लहान मुलाचा. ते आपसांत वाद घालतात, चालू असलेल्या कामावर शेरे मारतात. इथेच निदान सगळ्यात जास्त चुकतं, कारण 'आवाज ऐकू येतात' म्हटलं की स्किझोफ्रेनियाची आठवण होते. कुर्ट श्नायडर या जर्मन मानसोपचारतज्ज्ञाने स्किझोफ्रेनियाची म्हणून जी 'पहिल्या दर्जाची' लक्षणं सांगितली होती, त्यांतली बरीचशी डीआयडीतही भरपूर आढळतात. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ रिचर्ड क्लफ्ट यांनी हे १९८७ मध्ये दाखवून दिलं. फरक करताना काही गोष्टींची मदत होते. डीआयडीतले आवाज बहुधा लहानपणापासून असतात, स्किझोफ्रेनियाची सुरुवात साधारणपणे किशोरवयाच्या अखेरीस किंवा विशीत होते. डीआयडीत त्या आवाजांना वय, स्वभाव, मतं असतात आणि त्यांच्याशी बोलणंही होऊ शकतं. शिवाय "हे विचित्र आहे, पण असं होतं" हे भान सहसा टिकलेलं असतं. उपग्रहातून कुणीतरी आपल्या डोक्यात विचार सोडत आहे अशी अढळ खात्री, बोलण्यातली संगती तुटणं, भावना बोथट होत जाणं, हे दुसऱ्या बाजूला बोट दाखवतं. तरी यातली एकही खूण एकटी पुरेशी नाही.

बहुतेक वेळ एकच अवस्था पुढे असते, बाकीच्या आतून त्रास देतात आणि पूर्ण ताबा क्वचितच घेतात, अशी स्थिती असेल तर आयसीडी-११ त्याला अंशतः डीआयडी म्हणते. "माझा वेळ हरवत नाही, म्हणजे मला काहीच नाही" असा निष्कर्ष त्यामुळे घाईचा ठरतो.

पायरी ४ : स्विच दिसतो कसा

बहुतेक वेळा जवळजवळ दिसतच नाही. दोन-चार सेकंद नजर हरवते, पापण्या भराभर हलतात, कपाळ दाबलं जातं, "काय म्हणालास?" असा प्रश्न येतो आणि संभाषण पुढे चालतं. नीट लक्ष दिलं तर बसण्याची ढब, आवाजाची पट्टी, शब्दांची निवड, हसण्याची तऱ्हा किंचित वेगळी वाटते. आधी ठाम मत मांडणारी व्यक्ती आता त्याच मुद्द्यावर गोंधळलेली असते. एरवी चष्म्याशिवाय न वाचणारा कधी कधी चष्मा काढून ठेवतो. "आम्ही" असा स्वतःचा उल्लेख निसटतो, किंवा स्वतःबद्दल नाव घेऊन त्रयस्थासारखं बोलणं होतं.

अवस्थांची तऱ्हा आणि संख्या प्रत्येकात वेगळी. रोजचं काम रेटणारी आणि आघाताबद्दल काहीच माहीत नसलेली, भीती साठवून असलेली लहान वयाची, संरक्षणासाठी आक्रमक झालेली, अत्याचार करणाऱ्याच्याच भाषेत दटावणारी, अशा अवस्था वारंवार आढळतात. शेवटची सगळ्यांना घाबरवते. तिचा उगमही बहुधा बचावातच असतो: आपणच आधी दटावलं तर बाहेरचा मार टळेल. रुग्ण धोकादायक असतो ही समजूत मात्र सोडून द्या. या लोकांकडून इजा होते ती प्रामुख्याने त्यांना स्वतःलाच.

स्विचच्या आधी काय घडलं ते पाहणं उपयोगाचं. एखादा वास, दरवाजा आपटणं, चढलेला आवाज, विशिष्ट तारीख, डॉक्टरांची तपासणी, जवळीक यांपैकी काहीही ट्रिगर असू शकतं. कधी कधी काहीच सापडत नाही, तेव्हा ओढूनताणून शोधू नका.

पायरी ५ : स्वतःपासून, जगापासून तुटल्याची भावना

स्वतःला बाहेरून पाहत असल्यासारखं वाटणं, हात-पाय आपले न वाटणं, आरशातला चेहरा अनोळखी भासणं याला डिपर्सनलायझेशन म्हणतात. आसपासचं जग धूसर, सपाट किंवा खोटं वाटणं म्हणजे डिरियलायझेशन. डीआयडीत ही दोन्ही जवळजवळ नेहमी असतात. पण ती पॅनिक, नैराश्य, गांजा, झोपेचा अभाव यांतही येतात. म्हणून फक्त याच एका लक्षणावरून डीआयडीपर्यंत उडी मारू नये.

पायरी ६ : शरीर काय सांगतं

तीव्र डोकेदुखी, कारण न सापडणाऱ्या वेदना, अंगाच्या एखाद्या भागाची संवेदना जाणं, आवाज बसणं, हातापायातलं बळ तात्पुरतं जाणं, आणि फिट्ससारखे दिसणारे पण मेंदूच्या विद्युत गडबडीमुळे न येणारे झटके. शेवटच्यासाठी व्हिडिओ-ईईजी ही तपासणी असते, तीत चित्रणासोबत मेंदूतल्या विद्युत लहरी नोंदवतात. रिपोर्ट 'नॉर्मल' आला की घरचे "म्हणजे नाटक" असा अर्थ लावतात. रिपोर्टचा अर्थ एवढाच, की हे झटके अपस्माराचे नाहीत. ते खरेच असतात आणि ते आणणं-थांबवणं त्या व्यक्तीच्या हातात नसतं.

पायरी ७ : सारखी दिसणारी कारणं वगळा

ही पायरी कंटाळवाणी वाटते, म्हणून इंटरनेटवरच्या याद्यांमध्ये ती गाळलेली असते. खरं तर ती डॉक्टरांकडे करून घ्यायची आहे, पण जाताना आपली माहिती तयार असावी.

दारूमुळे ब्लॅकआउट होतो तेव्हा मेंदूत आठवण मुळात तयारच होत नाही, त्यामुळे ती परत येत नाही. फक्त पिण्याच्या दिवशीच वेळ हरवत असेल तर आधी दारूचा विचार करा. झोल्पिडेमसारख्या झोपेच्या काही गोळ्या घेतल्यावर माणसं अर्धवट झोपेत खातात, फिरतात, फोनवर बोलतात आणि सकाळी त्यांना काही आठवत नाही. फोकल प्रकारच्या, म्हणजे मेंदूच्या एका भागातून सुरू होणाऱ्या फिट्समध्ये भान हरपतं, पण ते साधारण अर्धं ते दोन मिनिटं. ओठ चाटणं, कपडे चाचपडणं अशा त्याच त्या हालचाली होतात आणि नंतर गोंधळ असतो. पन्नाशीच्या पुढे आयुष्यात एखाद्याच वेळी काही तास नवीन काहीच न टिकणं, तोच प्रश्न परत परत विचारणं, हा वेगळा आजार असू शकतो. त्या दिवशी मात्र तातडीने रुग्णालयात न्या, कारण पक्षाघातही वगळावा लागतो. डोक्याला मार लागला असेल तर तेही सांगा.

मनाच्या आजारांत बायपोलरशी, म्हणजे मनःस्थितीच्या टोकाच्या चढ-उतारांच्या आजाराशी, गल्लत होते. तिथे चढती मनःस्थिती निदान चार दिवस ते आठवडाभर टिकते. डीआयडीतला बदल मिनिटांत किंवा तासांत होतो. बॉर्डरलाइन पर्सनॅलिटी डिसऑर्डरमध्ये स्वतःविषयीची प्रतिमा डळमळीत असते आणि भावना टोकाला जातात, पण काल आपण काय केलं ते सहसा आठवत असतं. पीटीएसडीत, म्हणजे आघातानंतरच्या तणावविकारात, आघाताच्या काही भागाचं विस्मरण असतं, रोजच्या व्यवहाराचं नसतं. आता गुंतागुंत अशी, की डीआयडी असलेल्या पुष्कळांना पीटीएसडी, नैराश्य, खाण्याचे विकार, व्यसन यांपैकी काहीतरी सोबत असतंच. त्यामुळे "बायपोलर आहे की डीआयडी?" या प्रश्नाचं उत्तर कधी कधी "दोन्ही" असतं.

अंगात येण्याचा प्रश्नही इथलाच. एखाद्या विधीच्या वेळी, ठरलेल्या चौकटीत, समाजाला मान्य असलेल्या रीतीने कुणाच्या अंगात येत असेल आणि त्याचा त्रास होत नसेल, तर तो आजार धरत नाहीत. नको असताना, विधीबाहेर, वारंवार येत असेल, नंतर काही आठवत नसेल आणि संसार-काम विस्कटत असेल, तर तपासणी हवी. डीएसएम-५ ने अशा अनुभवाचा उल्लेख डीआयडीच्या निकषातच केला आहे. आयसीडी-११ मध्ये त्यासाठी वेगळी नोंदही आहे. अशा माणसाला मारहाण, उपाशी ठेवणं, बांधून घालणं असले 'उपाय' केले तर मूळ आघातावर आणखी एक आघात चढतो.

लहान मुलांबाबत घाई अजिबात नको. काल्पनिक मित्र असणं, वाघ होऊन दिवसभर गुरगुरणं हा खेळ आहे. तो थांबवता येतो आणि त्यात मूल खुश असतं. मूल वारंवार शून्यात हरवत असेल, समोर घडलेलं ठामपणे नाकारत असेल, एका दिवसात त्याची समज दोन-तीन वर्षांनी मागेपुढे होत असेल, तर बालमानसतज्ज्ञांना दाखवा. आणि ते मूल या क्षणी सुरक्षित आहे ना, हा प्रश्न सर्वांत आधी.

पायरी ८ : नोंदी कशा ठेवायच्या

तज्ज्ञाकडे रिकाम्या हाताने गेलं की "मला कसंतरी होतं" यापलीकडे बोलणं जात नाही. दोन-तीन आठवड्यांची साधी नोंद पुष्कळ बोलते. प्रत्येक प्रसंगासाठी इतकंच लिहा: तारीख आणि वेळ, शेवटचं काय आठवतं आणि पुन्हा कधीपासून आठवतं, मधला वेळ हरवल्याचं कशावरून कळलं, आदल्या रात्रीची झोप, दारू, गोळ्या वा इतर काही घेतलं होतं का, आधी काय घडलं, शरीरात काय जाणवलं. अर्थ लावू नका. "माझ्यातल्या दुसऱ्या कुणीतरी फोन केला" यापेक्षा "४.१० चा फोन यादीत दिसतो, मला आठवत नाही" ही नोंद डॉक्टरांच्या जास्त कामाची.

वहीत वेगळ्या अक्षरात काही लिहिलेलं सापडलं, शिव्या असल्या तरी, फाडू नका. भीती वाटली तर वही मिटून ठेवा, ती पुढच्या भेटीला घेऊन जा. लिहिताना जुने प्रसंग अंगावर येऊ लागले, थरथर सुटली, तर लिहिणं थांबवा. पाय जमिनीला टेकवा, खोलीतल्या वस्तूंची नावं मोठ्याने घ्या, आजची तारीख उच्चारा, थंड पाण्याने हात धुवा. नोंद अपुरी राहिली तरी चालेल. बालपणातलं दडलेलं खणून काढण्याचा प्रयत्न एकट्याने करू नका. संमोहनाने किंवा सूचक प्रश्नांनी 'आठवणी बाहेर काढून देतो' म्हणणाऱ्यांपासूनही लांब राहा. असल्या पद्धतींत न घडलेल्या घटनांच्याही आठवणी तयार होऊ शकतात, आणि मग खरं काय होतं ते कायमचं गढूळ होतं.

प्रश्नावली : कितपत भरवसा ठेवावा

डिसोसिएटिव्ह एक्स्पीरियन्सेस स्केल, डीईएस, ही सर्वाधिक वापरली जाणारी प्रश्नावली. ईव्ह बर्नस्टीन आणि फ्रँक पुटनम यांनी ती १९८६ मध्ये प्रसिद्ध केली. त्यात २८ अनुभव दिले आहेत. प्रत्येक अनुभव आपल्याला किती टक्के वेळा येतो ते ० ते १०० मध्ये सांगायचं आणि सरासरी काढायची. ३० किंवा त्याहून जास्त आली तर सविस्तर तपासणी करावी, असा संकेत आहे. पण कल्पनेत सहज रमणाऱ्याचा आकडाही फुगतो, आणि विसरल्याचंच ज्याला विस्मरण होतं त्याचा आकडा फसवा कमी येतो. किशोरवयीन मुलांसाठी वेगळी प्रश्नावली आहे. निदानासाठी तज्ज्ञ एससीआयडी-डी ही मार्लीन स्टाइनबर्ग यांनी रचलेली मुलाखत घेतात. विस्मरण, डिपर्सनलायझेशन, डिरियलायझेशन, स्वतःच्या ओळखीबद्दलचा गोंधळ आणि ओळखीतला बदल अशा पाच अंगांनी ती चालते, आणि तिला वेळ लागतो.

सोशल मीडियावर स्वतःच्या 'सिस्टिम'ची, म्हणजे आपल्यातल्या सगळ्या अवस्थांच्या समूहाची, ओळख करून देणारे व्हिडिओ पाहून अनेक तरुण स्वतःचं निदान ठरवतात. त्यांची टिंगल करण्यात अर्थ नाही. त्यातल्या पुष्कळांना काहीतरी खरा त्रास असतोच, फक्त नाव चुकलेलं असू शकतं. डीआयडी आघातातून येतो की सूचना, अपेक्षा आणि माध्यमांतल्या प्रतिमांतून आकार घेतो, हा वाद अभ्यासकांत अनेक दशकं चालू आहे. पुराव्यांचं पारडं माझ्या मते आघाताच्या बाजूला झुकतं. तरी सूचनेचा परिणाम होत नाही असं कुणी म्हणू नये. म्हणून तज्ज्ञाला भेटण्याआधी अवस्थांना नावं देणं, त्यांची यादी करणं, प्रत्येकीचं वय ठरवणं हे सगळं लांबणीवर टाका.

घरच्यांनी, मित्रांनी काय करावं

ज्याच्याशी बोलता आहात त्याच्याशी शांतपणे, नेहमीच्या आवाजात बोला. "आता तू कोण आहेस?" अशी उलटतपासणी, "त्या दुसरीला बोलाव बघू" अशी फर्माइश, गुपचूप मोबाइलवर चित्रण, या तिन्ही गोष्टी विश्वास मोडतात. लहान मुलासारखी वागणारी अवस्था समोर आली तर तिला सांगा की कोणतं वर्ष चालू आहे, आपण कुठे आहोत, इथे कुणी मारणार नाही. न विचारता स्पर्श करू नका. "तुला लहानपणी कुणी काही केलं का?" हा प्रश्न विचारू नका; समोरून सांगितलं गेलं तर ऐका, तपशील उकरू नका. "काल तू काय बोललीस आठवतं का?" असं टोचण्यापेक्षा "काल संध्याकाळी तू मला अमुक म्हणालीस, मी गोंधळले" इतकं सांगावं. एखादी अवस्था तुम्हाला इजा करत असेल तर आजार आहे म्हणून ते सोसायचं नाही, बाजूला व्हा.

थांबू नये अशी वेळ

डीआयडीचे बाह्यरुग्ण म्हणून उपचार घेणाऱ्यांपैकी ७० टक्क्यांहून अधिक जणांनी कधी ना कधी आत्महत्येचा प्रयत्न केलेला असतो, असं डीएसएम-५ सांगते. त्यामुळे मरण्याचं बोलणं, आतला आवाज स्वतःला संपवायला सांगत असणं, न आठवणाऱ्या जखमा, गोळ्यांचा साठा सापडणं, गाडी चालवताना किंवा मूल सांभाळताना वेळ हरवणं, यांतलं काहीही असेल तर नोंदी आणि प्रश्नावल्या बाजूला ठेवा. त्याच दिवशी रुग्णालय गाठा किंवा आपल्या भागातल्या आपत्कालीन क्रमांकावर फोन करा. "आत्ता मला चांगलं वाटतंय" या उत्तरावर एकट्याला सोडू नका. इथे एक खास धोका आहे: सकाळी ज्याने वचन दिलं त्याला रात्री ते वचन आठवतच असेल असं नाही. औषधं, धारदार वस्तू, गाडीची किल्ली दुसऱ्याच्या ताब्यात असू द्या.

तज्ज्ञाकडे गेल्यावर

मानसोपचारतज्ज्ञ शारीरिक कारणं वगळतील, गरज पडल्यास मेंदूविकारतज्ज्ञाकडे पाठवतील. पहिल्याच भेटीत निदान झालं नाही तर ते चांगलं लक्षण समजा. स्वतःहून विचारा: आघात आणि डिसोसिएशन यांवर तुम्ही काम केलं आहे का? नसेल तर कुणाकडे पाठवाल? डीआयडी बरा करणारी अशी कोणतीही गोळी नाही. औषधं दिली जातात ती नैराश्य, चिंता, झोप यांसाठी. मुख्य उपचार म्हणजे दीर्घकाळ चालणारी बोलण्याची थेरपी, आणि ती साधारण तीन टप्प्यांत होते: आधी सुरक्षितता आणि रोजचं जगणं सावरणं, मग झेपेल तशा वेगाने आघाताच्या आठवणींवर काम, आणि शेवटी अवस्थांमधलं सहकार्य किंवा एकीकरण. पहिल्याच बैठकीत आघाताचा सगळा वृत्तांत मागणारा थेरपिस्ट भेटला तर "आधी मला स्थिर होऊ दे" म्हणण्याचा तुम्हाला हक्क आहे.

एखादे डॉक्टर "असं काही नसतं" म्हणून उडवून लावतील, तेही होतं. वाद घालू नका. डीआयडी हा शब्दच बाजूला ठेवा आणि फक्त नोंदी पुढे करा: या तारखांना, या वेळा हरवल्या, असे आवाज, इतक्या वर्षांपासून, दारू नाही, ईईजी झालेला आहे. नोंदीकडेही पाहिलं गेलं नाही, तर तीच वही घेऊन दुसऱ्या डॉक्टरांची वेळ घ्या.